पहिल्या वर्गातली भाकरी

सबनीससाहेबांनी मला विमानात एकदाच पाहिलं, पण विमानातला मी त्यांनी आजवर निदान तीनशे लोकांना दाखवला असेल. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणी नवा पाहुणा बसला, की जिलबी मोडता मोडता ते सुरू करतात : "हे आमचे अण्णा! जपानला पहिल्या वर्गानं गेले आणि वाटेत बाजरीची भाकरी चावत बसले. काटा-चमचा धरायची धास्ती घेतली होती हो!" पंगत हसते. मी वाढप्याला हाक मारून आमटी मागवतो. पंचवीस-सव्वीस वर्षं मी ही आमटी पितोय.

यंदा या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहायला सांगितलं, तेव्हा म्हटलं, बरं झालं. मी भाकरी खाल्ली हे खरं आहे. का खाल्ली, ते सबनीससाहेब सांगत नाहीत, कारण ते सांगायचं तर त्यांना स्वतःबद्दलही थोडं सांगावं लागेल. ते आता पुण्यात असतात. अंकाची एक प्रत त्यांना मी रजिस्टर पोस्टानं पाठवणार आहे.

मी मूळचा हेडी. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. शाळा चौथीपर्यंत, पुढची विद्या घोडेगाव आणि काष्टीच्या बैलबाजारात. ज्यांनी हा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं बैलाची किंमत तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उकिडवे बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरतात. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव फक्त त्या दोघांना ठाऊक. तोंडानं मात्र वाटेल ते चालू असतं. "ह्यो बैल हाय का शेळी?" "तुझ्या सासऱ्यानं तरी पाहिलाय का रं असला बैल?" तोंड भांडत असतं आणि बोटं धंदा करत असतात.

एकदा नगरच्या एका वकिलांना गाय घ्यायची होती, म्हणून ते मला बरोबर घेऊन गेले. वाटेत मी दहादा बजावलं की गायीकडं पाहून तोंड वाकडं करायचं, बाकी माझ्यावर सोडायचं. गायीसमोर उभे राहताच वकीलसाहेब म्हणाले, "अहाहा, काय डोळे आहेत हो!" त्या एका अहाहानं गाय दीडपट झाली. मी भर बाजारात टोपी जमिनीवर आपटली आणि त्यांना तिथंच सोडून बसनं घरी आलो. माझा स्वभाव तापट आहे, हे मी नाकारत नाही.

पण या लेखाशी संबंध आहे तो माझ्या पहिल्या खरेदीचा. वय सोळा. घोडेगावात एका म्हाताऱ्यानं मला "ये रं बाळा" म्हणून जवळ बसवलं, चहा पाजला, पेढे खायला घातले, आईची चौकशी केली. मग उपरण्याखाली त्यानं जेवढी बोटं धरली तेवढी मी मुकाट्यानं मान्य केली. पेढा खाल्लेल्या तोंडानं त्याला नाही कसं म्हणायचं? तो बैल नांगराला जुंपला की दुसऱ्या तासाला बसायचा. तेव्हापासून मी एक नेम केला. सौदा होईपर्यंत समोरच्याचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. चाळीस वर्षं पाळला.

पुढं बैल कमी झाले, ऑइल इंजिनं आली. मी जुनी इंजिनं घेऊन दुरुस्त करून विकू लागलो. इंजिनाला दात नसतात, पण खोड असतेच. त्यातून नाव झालं, आणि जिल्ह्यातल्या काही सोसायट्यांनी मिळून संघ काढला तेव्हा त्यांनी मला खरेदी समितीवर घेतलं.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. आमच्या राहुरीकडं निदान मुळा धरणाचं नाव घेऊन धीर धरता येत होता. पाथर्डीच्या बाजूला विहिरींच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि एरवी कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी माणसं खडी फोडायला बसली होती. संघानं ठरवलं, जपानहून बोअर पाडायचं यंत्र आणायचं. दिल्लीहून परवाना आला, त्यात डॉलर मोजून दिलेले. गंमत अशी, की तेवढ्या डॉलरमध्ये नुसतं यंत्रच येत होतं. त्याला दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर वेगळा, सात हजार डॉलरचा. आणि कॉम्प्रेसरशिवाय आपल्या काळ्या पाषाणात ते यंत्र म्हणजे अंगणात उभी केलेली शोभा. दिल्लीकडं पुन्हा डॉलर मागायचे तर पुढचा पावसाळा उजाडला असता.

चेअरमन मला म्हणाले, "अण्णा, तुमी जा. तेवढ्याच पैशात कॉम्प्रेसर आणा. उन्हाळ्याच्या आत आला पाहिजे, न्हाईतर त्येचा उपयोग न्हाई."

यंत्र कळणारा एक आणि भाव कळणारा एक, अशी दोघांची जोडी ठरली. यंत्र कळणारे म्हणजे संघाचे इंजिनिअर, नगरचे सबनीससाहेब. प्रवासाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं. एके दिवशी ते तिकिटं आणि माझा पासपोर्ट घेऊन घरी आले. तिकिटं पहिल्या वर्गाची होती.

"ही कुणी पाठवली?" मी विचारलं.

"कंपनीनं आपल्याला बोलावलंय ना, अण्णा?" ते म्हणाले.

उत्तराऐवजी प्रश्न करणारा माणूस बाजारात मी लांबून ओळखतो. त्या दिवशी ओळखला नाही, कारण मी पासपोर्टावरचा माझा फोटो न्याहाळत होतो. कंपनीनंच तिकिटं पाठवली, असं मी धरून चाललो. मनात म्हटलं, हे घोडेगावच्या म्हाताऱ्याचेच भाऊबंद. पेढे आधी, बोटं नंतर. मी बायकोला सांगितलं, "बाजरीच्या भाकरी कर, कडक. शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बांध."

ती म्हणाली, "इमानात जेवायला देत न्हाईत?"

"देत्यात. म्हनूनच."

पाण्यासाठी फिरकीचा तांब्या घेतला. त्या काळी परदेशी जाणाऱ्याच्या हातावर सरकार आठ डॉलर टेकवायचं. आठ डॉलर, आठ भाकरी. हिशेब बरा जमला.

मुंबईहून विमान सकाळी निघालं. कलकत्ता, बँकॉक, हाँगकाँग आणि मग टोकियो. पहिल्या वर्गाच्या खुर्च्या अशा, की आमच्या चेअरमनची खुर्ची त्यापुढं पाट वाटावी. सबनीससाहेब मधल्या वाटेच्या लगेच पलीकडं बसले. माझ्या शेजारी एक वयस्कर जपानी गृहस्थ होते. सबनीससाहेबांनी वाकून ओळख करून दिली. हे ओकुदासाहेब, म्हणजे ज्या कंपनीचं यंत्र घ्यायचं तिचे खुद्द मालक. मुंबईतलं काम आटोपून परत निघाले होते. मला वाटलं, बघा, मालकच पहाऱ्याला बसवलाय!

हवाई सुंदरीनं चिमट्यानं गरम ओला टॉवेल दिला. मी तोंड, मान, कानामागं सगळं स्वच्छ पुसलं. पुसल्यावर ध्यानात आलं, हासुद्धा त्यांचाच. पण तो काही खाल्ला नव्हता.

मग ताटं यायला लागली. आधी शेंगदाण्यासारखं काहीतरी, मग मासे, मग कोंबडी, नाना प्रकारचे पाव, फळं, वाटीत आइस्क्रीम. ती मुलगी दादरची होती, मराठी बोलणारी. मी तिला दर वेळी हात जोडून परत पाठवत होतो.

"काका, शाकाहारी पण आहे. काहीतरी घ्या ना."

"न्हाई पोरी. माझा नेम हाय."

"आज कोणता वार धरलाय?"

"सौद्याचा वार."

पलीकडं सबनीससाहेबांनी गळ्यात रुमाल अडकवला होता. ते दर घासाला माझ्याकडं बघायचे आणि मान हलवायचे. मी मांडीवर फडकं सोडलं, भाकरी मोडली, चटणीशी खाल्ली आणि तांब्याचं पाणी प्यालो. पहिल्या वर्गात ठेच्याचा वास सुटला तसे पुढच्या रांगेतले दोन गोरे मागं वळून बघायला लागले. कलकत्त्यानंतर पुन्हा ताटं आली. पुन्हा भाकरी.

खरं सांगतो, आइस्क्रीमच्या वेळी जीव तुटला.

बँकॉक सोडल्यावर ओकुदासाहेब त्या मुलीशी इंग्रजीत काही बोलले. ती माझ्याकडं आली. "काका, हे विचारतायत, तुमची तब्येत बरी नाही का?"

"त्येंना सांग, मी ठणठणीत हाय. तुमचं यंत्र आजारी हाय. त्येला फुप्फुस न्हाई. फुप्फुस नसलेला बैल आमी घेत न्हाई."

ती हसू दाबत बोलली. म्हाताऱ्यानं ऐकलं आणि तो गप्प बसला. मीही गप्प बसलो. बाजारात गप्प बसण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, हा निघाला! पाच मिनिटं गेली, दहा गेली. तो समोरच्या खुर्चीच्या पाठीकडं बघतोय, मी माझ्या अंगठ्याकडं. जो आधी बोलेल तो पडेल, हे दोघांनाही कळत होतं. तेवढ्यात पलीकडून सबनीससाहेब घसा साफ करत इंग्रजीत म्हणाले, "आपण सवलतीच्या टक्केवारीवर चर्चा—"

मी पाय लांब करून माझा जोडा त्यांच्या बुटावर ठेवला. "गप बसा साहेब. बैल अजून उभा हाय."

ओकुदासाहेबांना शब्द कळले नसतील, पण जोडा कळला. ते पहिल्यांदा हसले. मग मी त्या मुलीकडून पांघरायची शाल मागितली, आमच्या दोघांच्या हातांवर टाकली आणि तिला म्हटलं, "सांग, एक बोट म्हंजे एक हजार डॉलर. कमी किती करायचे तेवढंच बोलायचं. तोंडानं न्हाई." शालीखाली मी त्यांचा सगळा पंजा धरला, सोडला आणि वर दोन बोटं धरली. सात.

मला वाटलं, म्हातारा हात झटकून घंटी वाजवेल. त्यांनी डोळे बारीक केले. मग मोकळा हात कोटाच्या बाहीत घालून दाखवला आणि मुलीशी कितीतरी वेळ बोलत राहिले. ती म्हणाली, "काका, यांचे वडील डोंगरातल्या गावी गुरांचे व्यापारी होते. तिकडं अंगरख्याच्या बाहीत हात घालून अशीच बोटं धरतात. लहानपणी यांनी पाहिलंय."

म्हणजे यंत्राच्या मालकाचा बाप हेडी निघाला! मला आनंदही झाला आणि भीतीही वाटली. आता समोर गिऱ्हाईक नव्हतं, जातीचा माणूस होता.

त्यांनी माझी दोन बोटं धरली. मी सात. ते तीन. मी सात. तोंडानं मी मराठीत त्यांच्या यंत्राची निंदा करत होतो आणि ते जपानीत बहुधा माझी. पुढच्या रांगेतले गोरे शालीकडं बघून आपसात काय बोलले असतील देव जाणे. चार बोटांवर म्हातारा अडला. हाँगकाँग तासाभरावर आलं तरी तो चारच्या पुढं सरकेना. चारानं कॉम्प्रेसर येत नव्हता.

शेवटी त्यांनी हात काढून घेतला आणि ते मुलीशी बोलले. तिनं चाचरत सांगितलं, "हे म्हणतात, तुमची संस्था तर खूप श्रीमंत आहे. तुम्ही स्वतःच्या पैशानं पहिल्या वर्गानं प्रवास करता. आमची कंपनी आमच्या अधिकाऱ्यांनाही एवढं भाडं देत नाही. मग तीन हजारांसाठी का अडता?"

"स्वतःच्या पैशानं? तिकिटं ह्येंनी न्हाई पाठवली?"

तिनं विचारलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. नाही. त्यांनी फक्त बोलावणं पाठवलं होतं.

मी सबनीससाहेबांकडं पाहिलं. त्यांना ढगात एकदम काहीतरी महत्त्वाचं दिसलं होतं.

"साहेब!"

"अण्णा, परदेशी माणसापुढं वजन पडायला हवं, असं मी चेअरमनना पटवलं—"

"आन् मी सकाळपासनं वाळकी भाकर खातोय ती?"

"तुम्ही मला कुठं सांगितलंत, का खाताय ते?"

त्या क्षणी विमानाला दार उघडायची सोय असती, तर संघाला नवा इंजिनिअर शोधावा लागला असता. ती कोंबडी, तो मासा, ते आइस्क्रीम सगळं आमच्याच सभासदांचं होतं. आणि त्याच तिकिटांमुळं म्हातारा आम्हाला धनाढ्य समजून चारावर अडून बसला होता. वजन पडलं होतं, पण ते आमच्याच उरावर.

रागात मला एक गोष्ट नेहमी जमते. डोकं तापलं तरी हात थंड राहतो. मी फडकं उघडलं, उरलेली भाकरी आणि ठेचा ओकुदासाहेबांच्या पुढ्यात ठेवला आणि मुलीला म्हटलं, "त्येंना सांग, ही खुर्ची आमच्या साहेबांची हौस हाय. आमची श्रीमंती ही हाय. ज्या गावांसाठी यंत्र न्यायचं तिथं सध्या एवढंबी न्हाई. बघा म्हनावं खाऊन."

ती बोलली. म्हाताऱ्यानं भाकरी हातात घेतली, उलटीपालटी केली, वास घेतला. मग मोठा तुकडा मोडून, ठेच्यात बुडवून तोंडात घातला. दोन क्षणांत त्यांचे कान लाल झाले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी फिरकीचा तांब्या पुढं केला. त्यांनी घटाघटा पाणी प्यायलं, माझ्याकडं बघून मान डोलावली आणि आणखी एक तुकडा घेतला.

सौदा होण्याआधी समोरच्याचं खायचं नाही, हा नियम त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवला नसावा. मी मुकाट्यानं शाल हातांवर ओढली आणि पंजा व दोन बोटं धरली.  मग त्यांचा हात माझ्या हातावर घट्ट मिटला. सात. त्यांना भाकरीनं नमवलं, बापाच्या आठवणीनं की ठेच्यानं, हे मी आजही सांगू शकत नाही. हात सोडायच्या आत मी पाषाण फोडणारे दातही, ज्यांना बिट म्हणतात, वर चार मागून घेतले.

हाँगकाँगनंतर जे जे आलं ते मी खाल्लं. मासा सोडून सगळं. आइस्क्रीम दोनदा. 

गोष्ट इथं संपली असती तर मी पुढंही आमटीवर भागवलं असतं. पण यंत्र आणि कॉम्प्रेसर चैत्रात येऊन संघाच्या आवारात उभे राहिले, आणि त्याच आठवड्यात सभा भरली. सभेत एक सभासद उठला. "पहिल्या वर्गाची तिकिटं कुणी काढली? चौकशी होईस्तवर यंत्र हलवायचं न्हाई!" मागून टाळ्या पडल्या. चेअरमन छताकडं बघू लागले. सबनीससाहेबांचा चेहरा ओल्या धोतरासारखा झाला आणि ते माझ्याकडं बघायला लागले.

या दिवसाची मी वाट बघत होतो. एक वाक्य बोलायचं, की हिशेब चुकता. पण मग चौकशी, आणि अख्खा उन्हाळा यंत्र आवारात. मी त्यांच्या कानाशी वाकलो.

"पहिला बोअर कुठं ठरलाय?"

"चेअरमनसाहेबांच्या लिंबाच्या बागेत."

"पाथर्डीकडं. पहिले दहा."

"पाच, अण्णा. माझी नोकरी जाईल."

"मी उठतोय हं साहेब."

"दहा! दहा. शब्द दिला."

मी उठलो आणि सांगितलं, "तिकिटं मी मागितली. मालकाच्या शेजारी बसल्याबिगर सात हजार सुटले नसते. कुनाला काय म्हनायचं आसंल ते मला म्हना." लोकांनी भरपूर म्हटलं. एकानं तर मला "जपानी जावई" असं नाव ठेवलं, ते काही गावांत अजून चालतं. शेजारी बसलो म्हणून सौदा झाला हे खरंच होतं, आणि त्याचाच मला अधिक राग आला. पण यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी पाथर्डीच्या रस्त्याला लागलं.

दहा वस्त्यांना मी स्वतः फिरून सांगितलं होतं, तुमचा पहिला, तुमचा दुसरा, असं. नऊ बोअर झाले. दोन कोरडे गेले, सातांना पाणी लागलं. मग यंत्र "दोनच दिवसांसाठी" लिंबाच्या बागेत गेलं. ते तिथून निघायच्या आत मृग आला आणि सबनीससाहेबांनी पावसाचं कारण सांगून काम बंद केलं.

दहाव्या वस्तीला सांगायला मीच गेलो. लोकांनी जागा सारवून ठेवली होती, दगडाला हळदी-कुंकू लावलं होतं. बायका नेहमीसारख्या हंडे घेऊन मैलभर लांबच्या झऱ्याकडं निघाल्या होत्या. तिथल्या एका म्हाताऱ्याला मी सगळं सांगितलं, विमानापासून सभेपर्यंत. 

"मंजी जपानच्या मानसाकडनं तुमी सात हजार सोडवून आनले?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"आन् नगरच्या मानसाकडनं एक भोक न्हाई?"

सबनीससाहेब, पुढच्या लग्नात हेही सांगा.